मुलांनी स्वतःचं लेखन तपासायचं, तर आधी शिक्षकांनी काय शिकायचं?

मराठीच्या तासाला निबंध लिहून होतो, वह्यांचा गठ्ठा टेबलावर जातो आणि मुलांच्या लेखी ते काम तिथेच संपतं. चार-आठ दिवसांनी वही परत येते. लाल शाईच्या गोलांवरून नजर फिरते, खालचा शेरा वाचला जातो, शेजाऱ्याला किती मिळाले ते विचारलं जातं आणि वही मिटते. आपण लिहिलेलं कसं झालं आहे हे ठरवण्याचं काम वर्षानुवर्षं दुसरंच कोणीतरी करत असतं. मग एके दिवशी प्रगतिपत्रकात ‘स्वयंमूल्यमापन’ नावाचा रकाना येतो आणि मुलाला सांगितलं जातं, ‘आता तुझं तूच सांग.’ ते बिचारं ‘मला छान जमते’ समोर बरोबरची खूण करतं आणि मोकळं होतं.

हा रकाना सध्या चर्चेत आहे तो राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे. प्रगतिपत्रक समग्र असावं, त्यात शिक्षकाच्या नोंदींबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सहाध्यायांचं मूल्यमापनही असावं, असं धोरण म्हणतं. एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली काम करणाऱ्या ‘परख’ या संस्थेने त्यानुसार समग्र प्रगतिपत्रकाचे नमुनेही तयार केले. पण महाराष्ट्रातल्या शिक्षकाला हे काही पहिल्यांदा ऐकायला मिळत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. त्यात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकणं चालू असतानाच वर्षभर करायच्या मूल्यमापनाची, साधनं दिली होती: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि शेवटी ‘इतर’. स्वयंमूल्यमापन होतं ते या ‘इतर’ मध्ये, प्रश्नावली, सहाध्यायी मूल्यमापन आणि गटकार्याच्या सोबत.

‘इतर’ मध्ये टाकलेल्या गोष्टीचं आपल्याकडे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के आणि सातवी-आठवीला ४० टक्के, हे गणित सगळ्यांना पाठ झालं, कारण त्यावर श्रेणी काढायची होती. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली. मुलांना स्वतःच्या कामाकडे पाहायला शिकवायचं कसं, हे मात्र बाजूला राहिलं. नवा रकाना पुन्हा त्याच वाटेने जाऊ नये असं वाटत असेल, तर शिक्षकांच्या प्रशिक्षणात ‘फॉर्म कसा भरायचा’ याच्या पलीकडचं काहीतरी घडायला हवं.

स्वतःला गुण देणं हे ते नव्हे

सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. स्वयंमूल्यमापन म्हटलं की अनेक शिक्षकांच्या डोळ्यांसमोर मूल स्वतःला दहापैकी आठ देतंय असं चित्र येतं आणि लगेच प्रश्न येतो, ‘सगळेच दहापैकी दहा देतील, मग?’ देतीलच. गुण मिळणार असतील तर मोठी माणसंही तेच करतात. कार्यालयात वार्षिक अहवालासाठी स्वयंमूल्यनिर्धारण लिहिताना कोणी स्वतःला कमी लेखल्याचं फारसं ऐकिवात नाही.

या विषयावर अनेक वर्षं काम केलेल्या अमेरिकी संशोधक हायडी अँड्रेड यांनी त्यामुळेच सरळ भेद केला: गुण देणं वेगळं आणि काम चालू असताना ते ठरलेल्या निकषांशी ताडून सुधारणं वेगळं. शिकायला मदत होते ती दुसऱ्यातून. म्हणजे स्वयंमूल्यमापनाची जागा कच्चं लेखन झाल्यानंतर आणि पक्कं होण्याआधी आहे, वर्षअखेरीच्या पत्रकात नाही. त्या पत्रकात जे लिहिलं जाईल ते या कामाचं उरलेलं टिपण.

ऑस्ट्रेलियातले शिक्षण-अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी १९८९ साली यामागचा विचार फार नेमका मांडला होता. सुधारणा व्हायची तर शिकणाऱ्याला तीन गोष्टी जमाव्या लागतात: चांगलं काम कसं असतं हे कळणं, आपलं काम त्याच्या तुलनेत कुठे आहे हे दिसणं आणि ती दरी कमी करण्यासाठी काहीतरी करता येणं. आपल्या वर्गात पहिल्या दोन गोष्टी शिक्षकाच्या डोक्यात असतात आणि तिसरी मुलाकडून अपेक्षित असते. ‘वर्णन प्रभावी करा’ असा शेरा मिळालेल्या सातवीतल्या मुलाला प्रभावी म्हणजे काय हे ठाऊक असतं, तर त्याने ते आधीच केलं नसतं का?

गुण आणि शेरा एकत्र दिल्याने काय होतं, याचा रूथ बटलर यांचा इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा १९८८ चा अभ्यास शिक्षकांना नेहमी चक्रावून टाकतो. काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्यांचा जवळजवळ उपयोग झाला नाही. गुण दिसले की बाकीचं वाचलं जात नाही. मूल स्वतःच्या लेखनाकडे पाहत असताना तिथे आकडा नसावा, याला ही मोठी पुष्टी आहे.

प्रशिक्षणाच्या पीपीटीत आणखी एक गोष्ट हमखास भेटते: शिक्षण-संशोधक जॉन हॅटी यांची शिकण्यावर परिणाम करणाऱ्या घटकांची २००९ ची यादी, जिच्यात विद्यार्थ्याने स्वतः सांगितलेले गुण हा घटक अगदी वर होता. ‘पाहा, स्वयंमूल्यमापन सगळ्यात प्रभावी’, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण ते आकडे मुलं आपल्या गुणांचा अंदाज किती बरोबर बांधतात याबद्दलचे आहेत. अंदाज बरोबर येणं म्हणजे सुधारणा होणं नव्हे. सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांनी, ती स्लाइड काढून टाकली तर बरं होईल.

रंगीत पेन्सिलची रीत

अँड्रेड यांची एक पद्धत भाषेच्या तासाला थेट वापरता येते आणि तिला दोन-तीन रंगीत पेन्सिलींखेरीज काही लागत नाही. मुलांनी कच्चा मसुदा लिहिलेला असतो. समोर निकषांचा कागद असतो. एका निकषातला मुख्य शब्द हिरव्या पेन्सिलने अधोरेखित करायचा. मग आपल्या मसुद्यात तो निकष जिथे पुरा झाला आहे असं वाटतं, त्या वाक्याखाली हिरवी रेघ ओढायची. असं वाक्य सापडलंच नाही तर मसुद्याच्या वर स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवायची की पुढच्या वेळी हे घालायचं आहे. मग दुसरा निकष, दुसरा रंग. शेवटी पुन्हा लिहायचं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सातवीतल्या मुलीने ‘आमच्या गावची जत्रा’ वर लिहिलं आहे: ‘जत्रेत खूप गर्दी होती. खूप दुकाने होती. आम्ही पाळण्यात बसलो. आम्हाला खूप मजा आली.’ निकष आहे, ‘वाचणाऱ्याला ती जागा दिसते का, ऐकू येते का?’ ती हिरवी पेन्सिल घेते आणि चारही वाक्यांखाली रेघ ओढते. तिच्या डोळ्यांसमोर जत्रा आहेच ना! तिला ती दिसते, म्हणून वाचणाऱ्यालाही दिसत असेल असं तिला वाटतं. लिहिणाऱ्या प्रत्येकाची ही पहिली अडचण असते, वयाचा संबंध नाही.

इथे शिक्षकाने काय म्हणायचं, हेच खरं कौशल्य. ‘चूक, एवढ्या रेघा कशाला?’ म्हटलं की मूल पुढच्या वेळी बाईंना आवडेल तेवढ्याच रेघा ओढेल. त्याऐवजी असं बोलणं होऊ शकतं:

‘बाई, मी सगळीकडे हिरवी रेघ मारली.’

‘बरं. यातलं कोणतं वाक्य तू जत्रेला गेली नसतीस तरी लिहिता आलं असतं?’

मुलगी वाचते. पहिलं. दुसरं. मग जरा थांबून, ‘तिसरंपण. चारही बाई.’

‘मग गेलीस म्हणूनच माहीत असलेलं एक काहीतरी सांग.’

आणि पुढच्या मसुद्यात कदाचित येईल, ‘पाळण्याच्या रांगेत मागच्या काकांचं कोपर सारखं माझ्या पाठीला लागत होतं.’ या वाक्यात ‘खूप’ नाही, ‘गर्दी’ हा शब्दही नाही, तरी गर्दी आहे. मुलीला स्वतःच्या दोन मसुद्यांतला फरक दिसला, हे झालं स्वयंमूल्यमापन. कागदावरच्या हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांपैकी कोणत्यावर खूण केली ते गौण.

निकष मुलाच्या बोटाखाली यायला हवा

वरच्या उदाहरणात काम चाललं, कारण निकष पकडता येण्यासारखा होता. आपल्या तपासणीच्या सूचनांत मात्र आशय, मांडणी, भाषाशैली, शुद्धलेखन अशी चौकडी असते. परीक्षकाला ती पुरते, पण पाचवीतलं मूल ‘भाषाशैली’ खाली कोणत्या वाक्यावर बोट ठेवणार?

म्हणून प्रशिक्षणातला सगळ्यात जास्त वेळ निकष बनवण्यावर जायला हवा, असं माझं मत आहे. त्याची रीत अशी: नावं झाकलेले तीन मसुदे घ्यायचे, एकाच विषयावरचे, एक उत्तम, एक बरा, एक अर्धवट. आधी काही न सांगता वाचायचे. कोणता पुढे वाचावासा वाटला? कुठे कंटाळा आला? कोणत्या वाक्याशी थांबलात? मुलं या प्रश्नांची उत्तरं अगदी चोख देतात. ‘ह्यात भांडण मध्येच संपलं, का संपलं ते कळलंच नाही.’ झाला निकष: ‘गोष्टीत जे घडलं ते का घडलं, हे वाचणाऱ्याला कळतं का?’ फळ्यावर मुलांच्याच शब्दांत लिहायचा. एका वेळी दोन किंवा तीन निकष पुरेत. नऊ निकषांचा छापील तक्ता दिसायला भारदस्त असतो. मुलं तो न वाचता भरतात.

कॅनडात जॉन रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथी ते सहावीच्या मुलांच्या कथालेखनावर असाच प्रयोग केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या रीतीत चार पायऱ्या होत्या: निकष ठरवताना मुलांना सामील करणं, ते कसे लावायचे हे शिकवणं, मुलांनी स्वतःबद्दल केलेल्या निवाड्यावर शिक्षकाने त्यांच्याशी बोलणं आणि पुढे काय करायचं हे मुलांनी ठरवणं. एकंदर परिणाम बेताचाच होता, हेही सांगायला हवं. पण लेखनात मागे असलेल्या मुलांना फायदा बराच जास्त झाला. हुशार मुलांना निकष कसेतरी, घरून किंवा वाचनातून, आधीच उमगलेले असतात. ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत त्यांना ते कोणी उघड करून सांगितलेलेच नसतात.

चारपैकी तिसरी पायरी, म्हणजे मुलाच्या निवाड्याबद्दल मुलाशी बोलणं, आपल्याकडे हमखास गळते. खूण केलेला कागद फाइलला लागतो आणि जवळपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले की दाखवला जातो.

शुद्धलेखन, बोली आणि वाचन

शुद्धलेखनाच्या बाबतीत स्वयंमूल्यमापनाची मर्यादा मान्य करायला हवी. जी चूक आहे हेच माहीत नाही, ती मूल स्वतः शोधू शकत नाही. ‘वाचून चुका दुरुस्त कर’ ही सूचना म्हणून वाया जाते. त्यापेक्षा वहीच्या शेवटच्या पानावर ‘माझ्या नेहमीच्या चुका’ अशी यादी ठेवावी, एका वेळी तिनापेक्षा जास्त नाही. कोणाच्या यादीत ‘न आणि ण’ असेल, कोणाच्या ‘शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ’ असेल. मसुदा झाला की फक्त तेवढंच शोधायचं. ‘कवि’ चं ‘कवी’ करताना ‘आणि’ चं ‘आणी’ होणार, ते हसून सांगायचं आणि अपवादही यादीत लिहायचा. एखादी चूक सलग काही मसुद्यांत आली नाही की मुलाने स्वतःच्या हाताने ती खोडायची. त्या खोडण्यात मुलांना भारी आनंद असतो.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला ‘माझी भाषा शुद्ध आहे का?’ असा निकष दिला, तर आपण त्याला स्वतःच्या घराकडे चूक म्हणून पाहायला शिकवतो. निकष असा हवा: ‘हे कोणासाठी लिहिलं आहे आणि त्याला कळेल का?’ आजीच्या तोंडचं वाक्य आजीच्याच बोलीत असेल तर ते गोष्टीत बरोबर बसतं. मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जात मूल प्रमाणभाषा वापरेल. हा फरक मुलाला स्वतःला करता येणं हे व्याकरणाच्या कितीतरी प्रश्नांपेक्षा मोलाचं आहे, आणि प्रशिक्षणात यावर वाद झाला तर तो होऊ द्यावा.

प्रकट वाचनासाठी शिक्षकाचा मोबाइल पुरतो. एक परिच्छेद वाचताना आवाज टिपायचा, मुलाला ऐकवायचा आणि एवढंच विचारायचं, ‘कुठे थांबायला हवं होतं?’ मुलं स्वतःचा आवाज ऐकून आधी लाजतात, मग पूर्णविरामाशी थांबायला लागतात.

पहिली-दुसरीत मात्र कागद आणू नये. एवढी लहान मुलं स्वतःबद्दल भरभरून चांगलंच बोलतात, आणि ते निरोगी आहे. त्यांना ‘यातलं तुझं कोणतं अक्षर सगळ्यात छान आलं? त्याला गोल कर’ एवढं सांगितलं की पुरे. पाहण्याची आणि निवडण्याची सवय तिथून लागते.

मग प्रशिक्षण कसं असावं?

आपल्याकडची रचना ओळखीची आहे. राज्यस्तरावर सुलभक तयार होतात, मग जिल्हा, मग तालुका, मग केंद्र. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात आणि पीपीटी तीच राहते. २०१९ पासून ‘निष्ठा’ हा देशव्यापी शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम आला, पुढे ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन कोर्स आले, आणि धोरणाने वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. व्हिडिओ पाहून स्वयंमूल्यमापनाची व्याख्या कळते. मुलीने चारही वाक्यांखाली रेघ ओढली की काय विचारायचं, ते कळत नाही.

ते कळण्याचा मला दिसणारा एकच मार्ग आहे, शिक्षकांनी प्रशिक्षणात स्वतः लिहिणं. ‘माझी पहिली शाळा’ असा साधा विषय, वीस मिनिटं. मग निकष, मग पेन्सिली, मग स्वतःच्या परिच्छेदात पुरावा शोधणं. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या वह्या तपासलेल्या माणसाला हे अवघड जातं. काही जण लिहितच नाहीत, काही जण सुविचार लिहितात. सुलभकाने ते कागद गोळा करू नयेत आणि मोठ्याने वाचायला लावू नयेत. एवढं आश्वासन मिळालं की सभागृह सैलावतं. आपल्याच वाक्याखाली रेघ ओढताना होणारी चुळबूळ ज्या शिक्षकाने अनुभवली, तो मुलाच्या खोट्या खुणेवर चिडत नाही.

दुसरी गोष्ट, दोन शिक्षकांनी एकच मसुदा त्याच निकषांनी पाहून एकमेकांशी ताडून पाहणं. एकाला जिथे जागा दिसते तिथे दुसऱ्याला दिसत नाही. हा मतभेद निकष अजून ढिला असल्याचं लक्षण आहे. तो घट्ट करण्याची खटपट प्रशिक्षणातच झाली तर वर्गात गोंधळ कमी होईल. मुलांचे खरे मसुदे, अर्थात नावं झाकून, यासाठी सोबत आणायला सांगावेत. प्रशिक्षणाच्या छापील घटकसंचातले (पुस्तिकेतले) नमुने फारच नीटनेटके असतात.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘पटावर साठ मुलं, एवढ्यांशी बोलायचं कधी?’ हा प्रश्न प्रत्येक सभागृहात येतो आणि तो रास्त आहे. दोनशिक्षकी शाळेत तर चार इयत्ता समोर बसलेल्या असतात. उत्तर असं की, सगळ्यांशी रोज बोलायचं नाही. रेघा ओढण्याचं काम सगळी मुलं एकाच वेळी करतात आणि बाई किंवा सर त्या तासाला पाच-सहा जणांजवळ बसतात. दोन आठवड्यांत वर्ग पुरा होतो. शिवाय प्रत्येक निबंध शेवटपर्यंत लाल शाईने तपासण्याची गरज उरत नाही. अर्थात, वरिष्ठ भेटीला येऊन ‘वह्या का तपासल्या नाहीत?’ असं विचारणार असतील तर शिक्षक हे कधीच करणार नाही. म्हणून या प्रशिक्षणाला मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखही मुलांच्या रंगीत मसुद्यांपुढे बसलेले असायला हवेत. मला विचाराल तर त्यांना आधी बसवावं.

एकाच दिवसात हे सगळं उरकत नाही, आणि उरकू नये. पहिल्या दिवशी निकष आणि पेन्सिली, मग महिनाभर वर्गात करून पाहणं, मग केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्येकाने एका मुलाचे दोन मसुदे घेऊन येणं: पहिला, रेघा ओढलेला, आणि त्यानंतरचा. परिषद तशीही महिन्याला भरते आणि बराचसा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. त्यातला तासभर या दोन कागदांना द्यायचा. ज्या जोडीत काहीच बदललं नाही ती आधी घ्यावी, कारण निकष कुठे फसला, की बोलणं कुठे राहून गेलं, हे तिथे सापडतं.